ट्रीटेड लाकूड वापरूनही पार्टिशनला खालून परत परत वाळवी लागते: काय तपासायचं, काय करायचं

दरवर्षी पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की साईटवरच्या पोरांचे आणि जुन्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतात आणि तक्रार एकच असते, दुकानात नाहीतर दवाखान्यात टाकलेल्या लाकडी पार्टिशनला खालून वाळवी लागायलीय. मागच्या वर्षी औषध मारलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी पण मारलं होतं, स्कर्टिंग बदलून झाली, तरी परत तिथंच. गिऱ्हाइक म्हणतं ट्रीटेड लाकूड म्हणून जास्तीचे पैसे घेतलेत ना, मग हे कसं काय. नवीन शिकणाऱ्या पोराला उत्तर देता येत नाही कारण त्याला कोणी हे नीट सांगितलेलंच नसतं, मिस्त्री म्हणतो लाकूड खराब आलं, लाकूडवाला म्हणतो बसवणाऱ्यानं नीट बसवलं नाही, औषधवाला म्हणतो अजून एकदा मारावं लागंल. म्हणून सगळं एका जागी लिहितोय, मुख्य म्हणजे फ्रेमिंग (पार्टिशनचा सांगाडा उभा करायचं काम) शिकणाऱ्या पोरांसाठी, घरमालकानं वाचलं तरी चालतंय.

सरळ सांगतो, वाळवी परत येते कारण आपण औषध वरून मारतो आणि ती येते खालून. फवारा लाकडाच्या दिसणाऱ्या अंगावर बसतो. ती फरशीच्या फटीतून निघून तळपट्टीच्या पोटात शिरते आणि उभ्या पट्टीच्या कापलेल्या तोंडातून वर चढते, तिथं फवारा पोचतच नाही. त्यामुळं लाकूड कुठलं आहे, ते कुठं कापलंय, कशावर टेकलंय आणि जमिनीतून वाट कुठून आहे, या चार गोष्टी बघितल्याशिवाय पुढची बाटली आणू नका.

(तळपट्टी म्हणजे फरशीवर आडवी बसवलेली खालची पट्टी, ज्याला मोबाइलवरच्या फ्रेमिंगच्या व्हिडिओत बॉटम प्लेट म्हणतात. स्टड म्हणजे उभ्या पट्ट्या. पुढं हेच शब्द वापरतो.)

आधी नक्की काय लागलंय ते ठरवा, कारण सगळ्याला वाळवी म्हणायची सवय आहे आणि तिथूनच औषध चुकतं. खाली गुडघ्यावर बसा, टॉर्च आडवी धरा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं तळपट्टीवर हळूहळू ठोकत जा. चांगलं लाकूड भरीव वाजतं, खाल्लेलं पोकळ वाजतं, फरक पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळतो. पोकळ वाजलं तिथं टोक टोचा, वरचा पापुद्रा फुटून आत ओलसर माती आणि लाकडाच्या रेषेनं खाल्लेली लांब पोकळी दिसली तर ती वाळवी. भिंतीवर नाहीतर फ्रेमवर मातीची नळी चढलेली असंल तर तिचा इंच-दोन इंच तुकडा खरवडून काढा आणि दोन-तीन दिवसांनी परत बघा, तुटलेली जागा परत बांधली गेली असंल तर काम आत चालू आहे असं समजा. आता दुसरा प्रकार, टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी बारीक भुकटी, माती अजिबात नाही, हा घुण. हा जमिनीतून येत नाही, लाकडाबरोबरच साईटवर येतो आणि बहुतेक सालीकडच्या पांढऱ्या लाकडात असतो, त्यामुळं फरशीला भोकं पाडून औषध भरलं तरी त्याचं काही बिघडत नाही. तिसरी कुज. लाकूड तपकिरी होतं, चौकोनी चौकोनी तडे पडतात, नख दाबलं तरी दबतं, वास येतो. लाकडातला ओलावा कायम २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला रान मोकळं मिळतं, तिथं कीटकनाशकानं काही होणार नाही, गळती शोधावी लागते. आणि कुज आणि वाळवी पुष्कळदा एकाच कोपऱ्यात सापडतात कारण दोघींना ओल लागते.

आता लाकडाकडं या. कुठली ट्रीटमेंट झालीय हे विचारल्याशिवाय ट्रीटेड लाकडाला काही अर्थ नाही. आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ होतो तो पॅलेटच्या पाइनचा. वाळूज, चिकलठाणा, जालना, इकडच्या एमआयडीसीत मशीन नाहीतर सुटे भाग ज्या पेट्यांतून येतात त्या फोडून पट्ट्या विकायला येतात, त्यावर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो आणि बाजूला एचटी लिहिलेलं असतं. विकणारा खरंच बोलतो की हे ट्रीटेड आहे. पण एचटी म्हणजे फक्त उष्णता दिलीय, आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान ३० मिनिटं ठेवलंय, कशासाठी तर एका देशातली कीड लाकडाबरोबर दुसऱ्या देशात जाऊ नये. त्या दिवशी आत जे जिवंत होतं ते मेलं. पुढं काही लागू नये म्हणून लाकडात काहीच राहिलेलं नाही, ते आपल्या जमिनीवर ठेवलं की वाळवीला साधं पाइनच आहे. एमबी लिहिलं असंल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलीय, त्याचंही तेच, वरून असलं लाकूड घरात फ्रेमला न वापरलेलंच बरं.

टिकणारी ट्रीटमेंट वेगळी. बंद टाकीत लाकूड घालून आधी हवा ओढून घेतात, मग औषधाचं पाणी दाबानं आत घुसवतात. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण, ज्याला सीसीए म्हणतात, ते आपल्याच देशात निघालंय, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ साली ते शोधलं आणि पुढं जगभर विजेचे खांब, कुंपणाचे खांब, बंदराचं लाकूड यावर टिकलं. हे आपल्या ट्रेडच्या पोरांना शिकवताना आवर्जून सांगायला पाहिजे. लाकडाला हिरवट झाक येते ती तांब्यामुळं. पण त्यात आर्सेनिक आहे, म्हणून घरात हात लागतो तिथं आता ते नको, आर्सेनिकच्या जागी बोरॉन घातलेलं सीसीबी मागा नाहीतर नुसतं बोरॉनचं. बोरॉन माणसाला त्यामानानं सौम्य, वाळवी आणि घुण दोन्हीला चालतं, दोष एकच की ते पाण्यात विरघळतं, रोज धुतल्या जाणाऱ्या जागी ते हळूहळू निघून जातं.

पोरं मोबाइलवर न्यूझीलंडचे फ्रेमिंगचे व्हिडिओ बघायलेत, चांगलं आहे, हात स्वच्छ आहेत त्यांचे, पण तिथला रंग बघून इथं लाकूड घेऊ नका. तिथं भिंतीच्या फ्रेमला एच १.२ वर्गाचं लाकूड असतं, बोरॉनचं, ओळखू यावं म्हणून गुलाबी रंग दिलेलं. बाहेर उघड्यावर एच ३.२, जमिनीत पुरायचं तर एच ४ आणि त्याच्या वर. त्यांनी हे फार मोठी किंमत देऊन शिकलंय, १९९० च्या दशकात त्यांच्याकडं भिंतीत बिनट्रीटमेंटचं सुकवलेलं पाइन वापरायला मुभा मिळाली आणि त्याच काळातल्या घरांच्या भिंतीत पाणी शिरायला लागलं, हजारो घरांच्या फ्रेम आतल्या आत कुजल्या, गळकी घरं म्हणून तिथं तो प्रश्न अजून चालूच आहे. पण त्यांची भीती म्हणजे ओल, बुरशी आणि घुण. आपल्यासारखी घरोघरची जमिनीतली वाळवी त्यांच्याकडं नाही. म्हणून त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलली तर जमिनीचा भाग राहून जातो.

लाकडात बोरॉन आहे का हे बघायची जुनी पद्धत हळदीची आहे. हळदीचा स्पिरिटमधला अर्क कापलेल्या तोंडावर लावायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर हायड्रोक्लोरिक आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं द्रावण लावायचं, बोरॉन असंल तिथं पिवळ्याचं लाल होतं, नसंल तिथं पिवळंच राहतं. अ‍ॅसिड आहे म्हणून हे आयटीआयच्या नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर करा. नुसती हळद लावून लाल झाली म्हणून खूश होऊ नका, चुन्यानं हळदीचं कुंकू होतं हे आपल्या आज्यांनाही ठाऊक आहे, सिमेंटचे हात लागलेलं लाकूड तसंच लाल होणार. तुकडा पट्टीच्या टोकाचा घेऊ नका, टोकाकडून औषध खोल जातं, फूटभर आतून कापून घ्या म्हणजे मधे खरंच किती पोचलंय ते कळंल. बहुतेक वेळा बाहेरून लाल कड आणि मधे पिवळंच दिसतं, आणि ते बघितल्यावर पुढचा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पुढचा मुद्दा कापण्याचा. ट्रीटमेंट सगळ्यात दाट असते ती बाहेरच्या थरात. साईटवर स्टड उंचीला कापला, वायरिंगच्या पाइपसाठी खाच पाडली, तळपट्टीला फास्टनरचं भोक पाडलं, की तेवढ्या जागी आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं. आणि सवय अशी की वरचं टोक आधी छताला मिळवून घ्यायचं आणि खालून कापून बसवायचं, म्हणजे नेमकं उघडं तोंड फरशीकडं. हे उलटं करा, कारखान्यातून आलेलं टोक खाली, करवतीचं टोक वर. खाली कापावंच लागलं तर त्या तोंडाला औषध पाजा. १० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवून बादलीत चार-पाच इंच द्रावण घ्यायचं आणि पट्ट्या रात्रभर उभ्या करून ठेवायच्या, ब्रशनं एक हात मारण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. भोकं आणि खाचांना ब्रशच, पण दोन-तीन हात, मधे वाळू देऊन. बोरिक म्हणजे खायचं नाही, बादली आणि मोजायचं भांडं वेगळं ठेवा, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका.

दाबाची ट्रीटमेंट झालेलं लाकूड ओलं येतं, हातात घेतलं की वजनावरून कळतं. ते तसंच फ्रेमला लावू नका, आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंशात ते आखडतं, पीळ मारतं आणि वरच्या जिप्सम शीटचे सांधे फाटतात. मधे रिपा घालून सावलीत थप्पी लावा आणि वारं खेळू द्या. उन्हात उभं करून वाळवलेलं लाकूड गुण्याला (काटकोनात) कधी बसत नाही. स्क्रू आणि खिळे साधे काळे नकोत, तांबं असलेल्या लाकडात साधं लोखंड लवकर गंजतं, गरम जस्ताचं पाणी दिलेले नाहीतर स्टेनलेसचे घ्या.

कापताना मास्क लावा, आणि हिरव्या लाकडाचे तुकडे, भुसा चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात घालू नका. घालू देऊही नका. साईटवर उरलेले तुकडे पोत्यात भरून घरी न्यायची आपल्याकडं पद्धत आहे, सीसीएचं लाकूड जाळलं की आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं आणि तीच राख भांड्याला जाते. मजुरांना हे तोंडानं सांगा, पाटी लावून भागत नाही.

एक गोष्ट फ्रेमिंगची आहे पण वाळवीशी तिचा थेट संबंध आहे. व्हिडिओ बघून पोरं स्टड ६०० मिलिमीटरवर मारतात. आपल्याकडची शीट आठ बाय चार फुटाची, म्हणजे रुंदी १२२० मिलिमीटर. ६०० नं गेलात तर तिसऱ्या स्टडचा मध्य १२०० वर येतो, दोन इंची पट्टी ११७५ ते १२२५ एवढी जागा धरते, आणि शीट संपते १२२० वर. पुढच्या शीटला टेकायला ५ मिलिमीटर उरतात. दुसरी शीट संपते २४४० वर आणि तिथला स्टड २४२५ लाच संपलेला, सांधा हवेत. मग काय करतात, बाजूला एक पॅकिंगची पट्टी ठोकतात, आणि ती पट्टी हाताला येईल त्या लाकडाची असते, पॅलेटची, सेंट्रिंगची, कधी सालीसकट. उघडून बघितलेल्या पार्टिशनमध्ये खालपासून वर सगळ्यात आधी खाल्लेली हीच पॅकिंग सापडते, शेजारचा स्टड अजून बरा असतो. म्हणून आपल्या शीटला मध्य ते मध्य दोन फूट, म्हणजे ६१० धरा, पहिला स्टड कोपऱ्याला लावताना शीटची कड कुठं येणार ते आधी फरशीवर दोरी मारून आखून घ्या, आणि पॅकिंग लागलीच तर फ्रेमच्याच लाकडाची.

आता तळपट्टी. जुने वाडे बघा, खांब कधी मातीवर उभा केलेला नाही, खाली घडीव दगडाचा तळखडा, त्यावर खांब. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) आपल्या भागात दगडमातीची माळवदाची घरं मागं पडली, सिमेंटची आली, ते गरजेचंच होतं, पण लाकूड जमिनीपासून उचलून धरायचं हे पण त्याबरोबर मागं पडलं. आज आपण तीन बाय दोनची पट्टी थेट फरशीवर आडवी टाकतो, वरून दिवसातून दोनदा पोछा, दवाखान्यात तर बादलीनं धुतात, आणि ते पाणी स्कर्टिंगच्या मागं उतरून तळपट्टीच्या खाली बसतं, निघायला वाटच नाही. यावर उपाय सोपा आहे आणि मी प्रत्येक कामात तोच सांगतो. फ्रेमच्या रुंदीएवढी ग्रॅनाइटची नाहीतर शहाबादीची दोन इंच उंचीची पट्टी आधी मसाल्यात बसवून घ्या, ती वाळू द्या, तिच्यावर डीपीसीचा (खालची ओल वर येऊ न देणारा) जाड प्लास्टिक पट्टा, आणि मग त्यावर तळपट्टी. पोछ्याचं पाणी दगडाला लागतं, लाकडाला नाही, आणि वाळवीला वर यायचं तर दगडाच्या तोंडावरून उघड्यावर नळी बांधून यावं लागतं, म्हणजे झाडणाऱ्या बाईलासुद्धा ती दिसते. जिप्सम किंवा प्लायसुद्धा फरशीला टेकवू नका, दगडाच्या वरच थांबवा. बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीला लागून लाकडी फ्रेम असंल तर आधी तिथला नळ आणि ट्रॅप बघा, तिथं ओल असंल तर बाकी कितीही केलं तरी फुकट.

सगळ्यात शेवटी जमीन, आणि आपल्याकडं खरा खेळ तिथंच आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, दरवर्षी प्लिंथला धक्का बसतो आणि फरशी आणि भिंतीच्या सांध्याला केसाएवढी फट पडते. वाळवीला तेवढी पुरते. त्यात पाया भरताना मुरुमात काय काय जातं ते बघा, सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, सिमेंटची कागदी पोती. आत अंधार, ओल आणि खायला लाकूड, तिचं घर आपणच बांधून देतो. गवंड्याला भराव टाकायच्या आधी हे सगळं वेचून काढायला लावा. बाहेरून भिंतीला टेकून पऱ्हाट्या, तुराट्या, कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असतात त्या पण हलवा, दुकानाच्या मागच्या अंगाला शेतकऱ्याचं घर असलं की हे हमखास असतं.

बांधकाम चालू असंल तर पायातच वाळवीचं औषध मारून घेणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ, त्याची आयएस ६३१३ या भारतीय मानकाची पद्धत ठरलेली आहे. घर आधीच उभं असंल तर त्याच मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणं फरशी आणि भिंतीच्या सांध्याला दर ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक पाडून खालच्या मातीत औषध सोडायचं, एका भोकात जास्तीत जास्त एक लिटर, आणि भोकं बुजवायची. औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असंल तर ०.०७५ टक्क्याचं द्रावण, म्हणजे लिटरभर पाण्याला साधारण २.१ मिलिलिटर. अंदाजानं झाकणं मोजून ओतणारा माणूस आला तर काम थांबवा. हे काम परवाना असलेल्यानंच करायचं, शिकणाऱ्या पोरांनी नाही, आणि शेजारी आड, बोअर किंवा जमिनीतली पाण्याची टाकी असंल तर ते त्याला आधी दाखवा, तिथं औषध सोडण्यापेक्षा फ्रेम लोखंडी केलेली बरी.

चालू पार्टिशन दुरुस्त करायचं तर असं करा. दोन्ही बाजूंनी खालची एक-दीड फूट शीट सरळ रेषेत कापून काढा, नुसती स्कर्टिंग काढून झाकलेलं दिसत नाही. ठोकत ठोकत स्टड कुठपर्यंत पोकळ आहे त्याची पेन्सिलनं खूण करा आणि त्याच्या वर अजून सहा इंच धरून कापा. तळपट्टी अर्धी चांगली दिसली तरी पूर्ण काढा. जमिनीचं औषध याच वेळी, जागा उघडी असताना करून घ्या. मग दगडाची पट्टी, डीपीसी, नवीन तळपट्टी, आणि स्टडला बाजूनं नवीन तुकडा जोडताना जुन्या चांगल्या लाकडावर किमान दोन फूट चढवा, ओळंबा लावून बघा, बोल्ट किंवा चार स्क्रू तिरपे. जुन्या स्टडच्या कापलेल्या तोंडाला पण बोरॉन द्या. निम्म्यापेक्षा जास्त स्टड कमरेच्या वर पोकळ वाजत असतील तर जोडाजोडी करू नका, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून पूर्ण फ्रेम बदला, आणि जागा कायम ओली राहणारी असंल तर तिथं जस्ताच्या लोखंडी चॅनेलची फ्रेम घ्या, लाकडाचा आग्रह नको.

नवीन स्कर्टिंग खिळ्यानं आणि फेविकॉलनं पक्की करू नका, स्क्रूनं लावा, दोन स्क्रू काढले की उघडता आली पाहिजे. जुलैच्या शेवटी एकदा आणि दिवाळीच्या झाडझुडीत एकदा उघडून टॉर्च मारायची, दगडाच्या तोंडावर मातीची रेघ दिसली तर ब्रशनं पुसून टाकायची आणि कुठल्या फटीतून आली ती जागा औषधवाल्याला दाखवायची.